पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये संपतोय, ऑगस्टमध्ये युरोप. जाता येईल का?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

आम्हा दोघांचा युरोपचा बेत ठरतोय. २८ जुलैला निघायचं, इटली आणि ग्रीस बघायचं आणि ९ ऑगस्टला अथेन्सहून बाहेर पडायचं. येताना दुबईत दोन रात्री थांबावं असं मनात आहे. आत्ता मार्च चालू आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत.

अडचण अशी की नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत २५ नोव्हेंबरला संपते. माझ्या पासपोर्टला अजून बरीच वर्षं आहेत. एक एजंट म्हणतो, सहा महिने शिल्लक नसतील तर विमानात चढूच देणार नाहीत. दुसरा म्हणतो, युरोपला तीन महिने पुरतात, बिनधास्त जा. नवऱ्याला आत्ता पासपोर्ट रिन्यू करायचा नाहीये, कारण त्यात अमेरिकेचा व्हिसा आहे आणि तो अजून काही वर्षं चालणार आहे. पासपोर्ट रद्द झाला की व्हिसाही गेला, असं त्याला वाटतं.

कुणाचं खरं? आणि ही तीन महिने, सहा महिने भानगड नेमकी कुठल्या तारखेपासून मोजायची?

रानवारा

दोन्ही एजंट बरोबर आहेत. युरोपला तीन, दुबईला सहा. :)

हिशेबनीस

रानवारा यांनी एका ओळीत सांगितलंय, मी जरा फोड करून सांगतो.

शेंगेन देशांचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या इटली, ग्रीससारख्या युरोपीय देशांचा) नियम त्यांच्या सीमा संहितेच्या ६व्या कलमात आहे. तिथून बाहेर पडायच्या ठरलेल्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने उरलेली हवी. शिवाय तो मागच्या दहा वर्षांच्या आत दिलेला हवा. हे तीन महिने आत शिरल्याच्या दिवसापासून मोजायचे नाहीत, बाहेर पडण्याच्या दिवसापासून मोजायचे. तुम्ही ९ ऑगस्टला बाहेर पडताय, म्हणजे पासपोर्ट ९ नोव्हेंबरपर्यंत तरी चालणारा हवा. तो २५ नोव्हेंबरपर्यंत आहे. सोळा दिवस हाताशी उरतात. नियमात बसतंय.

दुबईचं उलट आहे. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून उतरणार असाल तर उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने लागतात. ९ ऑगस्टला उतरलात तर पासपोर्ट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत हवा. तिथे साफ अडकाल.

म्हणजे युरोप जमतं, दुबईच्या दोन रात्री जमत नाहीत.

शेवटची_रांग

एवढा हिशेब कशाला? सहा महिने नसतील तर देश सोडायचाच नाही, हा एकच नियम लक्षात ठेवायचा. आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि कधी कुठे अडलं नाही.

खिडकीपाशी

शेवटची_रांग, सावधगिरी म्हणून ठीक आहे, पण 'नियम' म्हणून सांगू नका. त्यापायी लोक विनाकारण सहली रद्द करतात. जपानला मुक्कामापुरता वैध पासपोर्ट चालतो. ब्रिटनचंही तसंच, जेवढं राहणार तेवढी मुदत हवी. ऑस्ट्रेलियाही सहा महिने मागत नाही. दक्षिण आफ्रिका मुक्काम संपल्यावर तीस दिवस मागते. न्यूझीलंड तीन महिने मागतो, पण तुमच्या देशाची वकिलात तिथे असेल तर एकच महिना.

दुसऱ्या बाजूला थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, चीन, अमिराती हे सगळे सहा महिनेवाले. तुर्कस्तानचं तर गणितच वेगळं: व्हिसाने जेवढे दिवस राहायची मुभा दिली, त्यावर आणखी साठ दिवस. नव्वद दिवसांची मुभा असेल तर झाले दीडशे.

घरात मृत्यू झालाय, मुलगी बाळंत होणार आहे, मुलाचा पदवीदान समारंभ आहे, अशा वेळी निघणाऱ्याला 'सहा महिने नाहीत, विसरा' असं सांगणं चुकीचं आहे. देशाचं नाव विचारून मगच उत्तर द्यावं.

रानवारा

थोडक्यात, पासपोर्टवर छापलेली तारीख ही निवृत्तीची. काही देशांत तो सहा महिने आधीच निवृत्तीपूर्व रजेवर जातो.

शेवटची_रांग

रानवारा :D

खिडकीपाशी, तुमचा मुद्दा कळला. पण मला एक सांगा, काउंटरवरच्या पोरीला न्यूझीलंडचा एक महिन्याचा अपवाद माहीत असणार आहे का? ती म्हणाली 'नाही', की झालं. तुम्ही कायद्याने बरोबर, आणि विमान गेलं.

मध्यरात्रीचं_विमान

या विषयावर लिहायलाच हवं, मी काही वर्षं चेक-इन काउंटरच्या पलीकडे काम केलंय.

काउंटरवरचा माणूस नियम पाठ करून बसत नाही. आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, 'टिमॅटिक' नावाची माहितीप्रणाली आहे. प्रवाशाचं नागरिकत्व, कुठून कुठे, मध्ये कुठे थांबा, पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट हे त्यात भरायचं आणि तिचं उत्तर वाचायचं. न्यूझीलंडचा अपवाद, तुर्कस्तानचे साठ दिवस, सगळं त्यात असतं. देशांची सरकारं नियम बदलतात तशी ती अद्ययावत होत राहते.

विमान कंपनी इतकी काटेकोर का असते? कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर बऱ्याच देशांत कंपनीला दंड होतो, आणि त्याला परत न्यायची जबाबदारीही तिच्याच गळ्यात पडते. त्यामुळे शंका आली की 'नाही' म्हणणं सोपं. म्हणून सीमेवरचा अधिकारी हा तुमचा दुसरा परीक्षक. पहिला परीक्षक घरच्याच विमानतळावर बसलेला असतो.

तरीही चुकीचा नकार मिळतो, हे शेवटची_रांग यांचं म्हणणं खरं आहे. तेव्हा आवाज चढवू नका. 'टिमॅटिकमध्ये काय लिहिलंय ते मला दाखवाल का?' एवढंच शांतपणे विचारा आणि ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं पान छापून जवळ ठेवा. पण यासाठी हातात वेळ हवा. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना हा वाद कुणीच जिंकत नाही.

उंबरठा

ट्रान्झिटबद्दलही लिहा कुणीतरी. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, स्वस्त पडतात म्हणून. मधल्या देशात विमान बदलायचं होतं, शहरात जायचं नव्हतं. पण तिकिटं वेगळी म्हणजे सामान शेवटपर्यंत जात नाही, ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेशच झाला. तिथे सहा महिन्यांचा नियम. काकांच्या पासपोर्टला पाचच उरले होते. निघायच्या विमानतळावरच त्यांना थांबवलं आणि काकू एकट्या पुढे गेल्या, कारण पुढे मुलीचं लग्न होतं.

हिशेबनीस

उंबरठा, फार महत्त्वाचं सांगितलंत. एकाच तिकिटावर, सामान शेवटपर्यंत आणि तुम्ही विमानतळाच्या आतच राहणार, अशा वेळी साधारणपणे मधल्या देशाचे प्रवेशाचे नियम लागत नाहीत. बाहेर पाऊल टाकायचं ठरवलं, मग ते सामानासाठी असो की हॉटेलात झोपायला, की त्या देशाचा पूर्ण नियम लागू. निळी_छत्री, तुमच्या दुबईच्या दोन रात्री म्हणजे सरळ प्रवेशच.

निळी_छत्री

बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आता नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणतोय, 'मग दुबई सोडून देऊ, पण पासपोर्टला हात लावायचा नाही.' अमेरिकेच्या व्हिसाचं काय होतं ते कुणी सांगेल का?

पैलतीर

काही होत नाही! अहो, अमेरिकेचा व्हिसा मुदत संपलेल्या किंवा रद्द झालेल्या पासपोर्टातही चालतो. व्हिसाची स्वतःची मुदत शिल्लक हवी, तो फाटलेला-खराब झालेला नको, आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे हवेत. जाताना जुना आणि नवा दोन्ही बरोबर न्यायचे. मी इथे अमेरिकेत राहते, असे दोन पासपोर्ट घेऊन येणारे लोक सर्रास दिसतात. फक्त तो व्हिसा जुन्यातून काढून नव्यात चिकटवायच्या फंदात पडू नका, तसं केलं की तो बाद.

अर्ज करताना जुना पासपोर्ट परत मिळेल याकडे लक्ष द्या. कोपरा कापून, रद्द असा शिक्का मारून देतात. व्हिसाच्या पानाला धक्का लागत नाही. आणि नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा नंबर छापलेला असतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही.

कोलंबस_काका

पैलतीरताईंशी सहमत. अमेरिकेबद्दल एक भर घालतो, कारण तिथेही सहा महिन्यांचा घोळ आहे.

अमेरिकेचा मूळ नियम म्हणजे मुक्कामानंतर सहा महिने. पण काही देशांशी त्यांचा करार आहे, त्या यादीला 'सिक्स मंथ क्लब' म्हणतात. त्या देशांच्या पासपोर्टला मुक्कामापुरती मुदत पुरते. भारत त्या यादीत आहे. त्यामुळे आई-वडिलांना पाठवताना कुणी सहा महिन्यांची भीती घातली तर ही यादी दाखवा.

पैलतीर

काका, ती यादी खरी आहे, पण नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये. कळकळीने लिहितेय.

माझ्या एका सहकाऱ्याचं असं झालं. कामाचा व्हिसा दोन वर्षांहून जास्त शिल्लक होता, पासपोर्टला मात्र सातच महिने होते. विमानतळावर अधिकाऱ्याने आत सोडलं, पण आय-९४वर (अमेरिकेत शिरताना होणारी आगमनाची नोंद) राहण्याची शेवटची तारीख पासपोर्ट संपण्याचीच टाकली. देशात किती दिवस राहायचं हे आय-९४ ठरवतं, व्हिसा नाही. त्याने ती तारीख पाहिलीच नाही. मध्यंतरी वकिलातीतून नवा पासपोर्ट आणला, सगळं व्यवस्थित आहे असं समजून कामाला जात राहिला. नवा पासपोर्ट घेतल्याने आय-९४ आपोआप वाढत नाही! कंपनीच्या वकिलाने कागद तपासले तेव्हा कळलं की तो केव्हापासून मुदतीबाहेर राहतोय. पुढे वर्षभर त्या कुटुंबाची झोप उडाली होती.

तेव्हा आत आल्या आल्या आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख बघा. ती पासपोर्टाला बांधलेली असेल तर तिच्या आत नवा पासपोर्ट घेऊन एकदा देशाबाहेर जाऊन परत या, किंवा मुदतवाढीचा अर्ज करा. नवरा-बायकोपैकी एकाचीच तारीख कमी, मुलाची आणखी वेगळी, असंही होतं. प्रत्येकाची वेगळी बघा.

खिडकीपाशी

पैलतीर, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आत सोडलं याचा अर्थ सगळं ठीक, असं नाही.

दीपमाळ

मूळ विषय सोडून एक विचारते. मुळात हे सहा महिने आले कुठून? पासपोर्ट नोव्हेंबरपर्यंत वैध आहे असं माझं सरकार लिहून देतं, मग दुसऱ्याने तो मेमध्येच संपला असं का धरावं?

कोलंबस_काका

दीपमाळ, यजमान देशाच्या बाजूने बघा. पाहुणा ठरल्या दिवशी परत जाईलच याची खात्री नसते. आजारी पडतो, संप होतो, वादळ येतं. काही जण मुद्दामच राहतात. तेवढ्यात पासपोर्ट संपला तर त्याला परत पाठवायला त्याच्या वकिलातीकडून कागद मिळवावे लागतात, आणि कधीकधी ती वकिलात महिनोन्महिने उत्तरच देत नाही. पर्यटकाला पुष्कळ ठिकाणी नव्वद दिवस राहू देतात. त्यावर तेवढीच उसंत धरली की झाले सहा महिने. शेंगेनने हीच उसंत बाहेर पडण्याच्या तारखेला जोडून सरळ तीन महिने लिहिली, मला ती मांडणी जास्त न्याय्य वाटते.

एप्रिल २०१० आठवा. आइसलंडचा तो ज्वालामुखी फुटला आणि युरोपातली विमानं जवळजवळ आठवडाभर जमिनीवर होती. आणि २०२०मध्ये तर लोक महिनोन्महिने परक्या देशात अडकले. ज्यांचे पासपोर्ट तेव्हा काठावर होते त्यांना ही उसंत कशासाठी असते ते कळलं.

रानवारा

काका, ज्वालामुखीचं नाव लिहायचं टाळलंत ते बरं केलंत. ते उच्चारेपर्यंत पासपोर्ट संपतो.

दीपमाळ

पटलं काका. तरी प्रत्येक देशाने वेगळ्या दिवसापासून मोजावं हे काही पटत नाही. पासपोर्टची पुस्तिका जगभर सारखी करायचं काम १९२०च्या पॅरिस परिषदेत राष्ट्रसंघाने हाती घेतलं होतं. हस्तलिखित, यंत्राला न वाचता येणारे पासपोर्ट बाद करायला सगळ्या देशांनी मिळून २४ नोव्हेंबर २०१५ ही एकच तारीख पाळली. मग मुदत मोजायची पद्धतही एक करता आली असती.

वाटसरू_०७

हिशेबनीस यांनी दहा वर्षांच्या अटीचा ओझरता उल्लेख केलाय. ती भारतीय पासपोर्टला सहसा नडत नाही, कारण आपला मोठ्यांचा पासपोर्ट दहाच वर्षांचा असतो. पण माझ्या बहिणीकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. तिकडे सप्टेंबर २०१८पर्यंत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत, नऊ महिन्यांपर्यंत. त्यामुळे पासपोर्टवर मुदत दिसते, पण दिल्याच्या तारखेला दहा वर्षं झालेली असतात आणि शेंगेनच्या दारात तो चालत नाही. ज्यांचे नातेवाईक तिकडचे नागरिक आहेत त्यांनी मुदत संपण्याच्या तारखेबरोबर दिल्याची तारीखही बघायला सांगा.

हिशेबनीस

निळी_छत्री, आता मूळ प्रश्नाकडे येतो. आधी मी 'नियमात बसतंय' असं लिहिलं, ते बसतंच. पण तुमच्या जागी मी असतो तर तरीही आत्ताच रिन्यू केला असता. कारण पासपोर्टपेक्षा व्हिसाचं आहे.

एप्रिल २०२४मध्ये युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाची नवी पद्धत आणली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. अट एकच: पासपोर्टला तेवढी मुदत हवी. संपत आलेल्या पासपोर्टवर अर्ज केलात तर मिळेल तो तुटपुंजा व्हिसा. नव्या पासपोर्टवर तोच अर्ज जास्त फळ देऊ शकतो. तुमचा हा पहिलाच व्हिसा असेल तर लगेच फरक पडणार नाही, पण आधी जाऊन आला असाल तर नक्की विचार करा.

दुसरं, व्हिसा दोन प्रकारचे असतात हे लक्षात घ्या. पानावर चिकटवलेला व्हिसा जुन्या पासपोर्टात राहू शकतो, दोन्ही घेऊन जाता येतं. पण इलेक्ट्रॉनिक व्हिसा पासपोर्टच्या नंबराशी बांधलेला असतो. ऑस्ट्रेलियाचा तसाच आहे, नवा पासपोर्ट मिळाला की त्यांच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात जाऊन नंबर बदलावा लागतो. काही देशांच्या ई-व्हिसाला तर नव्याने अर्ज करण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून क्रम हा ठेवा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा.

वेळही आहे. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मार्चमध्ये पासपोर्टचं काम सुरू केलंत तर मे महिन्यात व्हिसाला लागता येईल. फार उशीर मात्र नको, उन्हाळ्यात व्हिसा केंद्रांच्या तारखा भराभर जातात.

मध्यरात्रीचं_विमान

+१. आणि रिन्यू करताना नावाच्या स्पेलिंगला हात लावू नका. काउंटरवर सर्वांत जास्त अश्रू मी मुदतीपायी नाही, नावापायी पाहिलेत. तिकीट जुन्या नावाने, व्हिसा जुन्या नावाने आणि पासपोर्टात अचानक वडिलांचं नाव जोडलेलं. पासपोर्टचा नंबर बदलला तर बुकिंगमध्ये तो नंतर बदलता येतो, त्यासाठी तिकीट अडत नाही. नाव जुळलं नाही तर अडतं. नाव बदलायचंच असेल तर कुठलंही तिकीट किंवा व्हिसा हातात नसताना बदला.

पत्ता बदलला असेल तर पोलीस व्हेरिफिकेशनचा वेळ हिशेबात धरा.

निळी_छत्री

ठरलं! पैलतीरताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि अमेरिकेच्या व्हिसाची भीती गेली. उद्याच रिन्यूअलचा अर्ज भरतोय, नावाला हात न लावता. दुबईच्या रात्रीही कायम. हिशेबनीस, आम्ही आधी दोनदा शेंगेनला जाऊन आलोय, त्यामुळे तुमचा मुद्दा आम्हाला अगदी लागू आहे. मनापासून आभार सगळ्यांचे.

शेवटची_रांग

म्हणजे शेवटी सहा महिनेवाला माझाच नियम जिंकला. :)

खिडकीपाशी

जिंकला, पण दुबईमुळे. :)

सांजवेळ

उशिरा आले या धाग्यावर. आम्ही चौघं डिसेंबरात थायलंडला जातोय. आमच्या दोघांच्या पासपोर्टला भरपूर वेळ आहे, म्हणून निवांत होते. मुलांचेही आमच्याबरोबरच काढले होते. त्यांचेही तेवढेच असतील ना?

उंबरठा

सांजवेळ, आत्ता उठून कपाट उघडा! लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, किंवा मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. तुमच्याबरोबर काढले असतील तर मुलांचे तुमच्या निम्म्या वेळातच संपतात.

सांजवेळ

बघितलं. मोठ्याचा पुढच्या मार्चमध्ये संपतोय, धाकटीचा त्यानंतर दोन महिन्यांनी. डिसेंबरात दोघांचेही सहा महिने भरत नाहीत. दोघांचे एकदमच करायला टाकते.

मध्यरात्रीचं_विमान

टाका. आणि मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते, त्याचा फॉर्म दोघांच्या सह्यांनिशी आधीच तयार ठेवा. एकजण बाहेरगावी असेल तर तिथेच दिवस जातात. थायलंडचा व्हिसा लागणार असेल किंवा ऑनलाइन आगमन नोंदणी करायची असेल तर ती नवे पासपोर्ट हातात आल्यावरच करा, जुन्या नंबरावर भरू नका.